उसनी मुलगी

ज्या वर्षी माझ्या थोरल्या भावाने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि पट्टी सुटल्यावर मला बघून पहिलं वाक्य बोलला, ‘अगं, तू तर म्हातारी झालीस,’ त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच हिवाळ्यात माझ्या सुनेला सातवा महिना लागला होता, आणि शहराच्या शिक्षण खात्याने शाळा ताडून बघायचं काम तिच्या गळ्यात घातलं होतं.

आमच्या भागात सरकारी प्राथमिक शाळा पाच. खात्याला त्यातली एक बंद करायची होती. कुठली, ते ठरवायला पाचही शाळा एकाच मापाने मोजायच्या. मुलं किती येतात, वाचतात कशी, छत गळतं का, संडासाला दार आहे का. रोज एक शाळा. जी सगळ्यांत खाली येईल तिला कुलूप. वरच्या साहेबांनी तिच्या कानावर आधीच घालून ठेवलं होतं की टाकीची शाळा खाली आली तर कुणी हूं की चूं करणार नाही. ही शाळा पाण्याच्या उंच टाकीच्या पायाशी होती. जागा मोक्याची, त्यामुळे तिच्यावर बऱ्याच जणांचा डोळा. आमच्या घरापासून जवळ तीच होती.

सून म्हणाली, मी कुणाच्या सांगण्यावरून खालीवर करणार नाही. तिचं स्वतःचं एक माप होतं. सगळे रकाने भरून झाले की ती गाडीत बसायची, पोटावर हात ठेवायची आणि स्वतःलाच विचारायची, ‘माझं मूल इथे घालीन का?’ मग एकच शब्द बोलायची. घालीन, नाहीतर नाही घालणार.

मी तिच्यासोबत फिरले त्याचं कारण साधं होतं. जिन्यात तिला एकदा चक्कर आली होती आणि डॉक्टरांनी एकटीने हिंडू नका म्हणून बजावलं होतं. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने सुट्टी घेतली की कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं. म्हणून पाण्याची बाटली, डबा आणि पाठीला लावायची उशी घेऊन मी निघाले. खात्याच्या गाडीचा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी म्हणाला, आज दोन मॅडम, एक मोठ्या आणि एक त्याहून मोठ्या. पहिल्या शाळेत हेडमास्तरांनी पुष्पगुच्छ सरळ माझ्याच हातात दिला. माझ्या हातात उशी होती, ती त्यांना धरावी लागली.

मला अक्षर ओळख सुनेनेच करून दिली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि बसची पाटी शेजारच्याकडून वाचून घेत होते. तिने जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर मला शिकवलं. पहिला शब्द कुठला लिहायचा म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, ऊन. तो मी बशीच्या मागे खडूने लिहिला आणि उलटा लिहिला, आरशात दिसतो तसा. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो आणि हे मुलाला सांगायचं नाही असं ठरवलं. वाचताना मी धापा टाकत सुटायची, तेव्हा तिने मला एक सवय लावली. पूर्णविराम आला की बोटाने लाकडावर दोनदा टकटक करायचं. ‘आई, श्वास घ्या. वाक्य कुठे पळून जात नाही.’

आता उसन्या मुलांबद्दल सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तपासणी यायची असली की या शाळा एकमेकींची हुशार मुलं उसनी नेतात. घरी पाहुणे येणार म्हणून शेजारून खुर्च्या आणाव्यात तशी. सगळ्या सरकारी शाळांचा गणवेश एकच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. सून आधी शिक्षिका होती. तिच्या वर्गातली मुलंही अशी गेली होती, म्हणून तिला हे ठाऊक होतं. पकडायची युक्तीही तिच्याकडे होती. छान वाचणाऱ्या मुलाला ती सहज विचारायची, पाणी कुठे प्यायचं? शाळेतल्या मुलाचा हात लगेच नळाकडे जातो. उसनं मूल मास्तरांकडे बघतं.

वाचायला द्यायचा उतारा ती पुस्तकातून घेत नसे. तिने स्वतः घरी बसून एक लिहिला होता, कुणी पाठ करून ठेवू नये म्हणून. एका बदकाची गोष्ट होती. त्याला पोहता येत होतं, चालता येत होतं, पण मान वळवता येत नव्हती. मागे काय राहिलं ते बघायला त्याला पूर्ण गोल फिरावं लागायचं.

पहिली घड्याळाची शाळा. मोठी, दगडी, दारावर बंद पडलेलं घड्याळ. मुलं वाचायला उठत होती, अडखळत होती, बसत होती. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. सहा-सात वर्षांची, किडकिडीत, पुढचा एक दात पडलेला. तिने कागद हातात घेतला आणि बदकाची गोष्ट अशी वाचली की जणू ती रोज जेवताना ऐकत होती. प्रत्येक वाक्य संपलं की तिचं बोट बाकावर दोनदा वाजायचं.

मी मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसले होते. माझंही बोट उशीवर हललं.

वाचून झाल्यावर ती खाली बसली नाही. कागद परत देताना सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलं तपासणीसाच्या तोंडाकडे बघतात ती चुकलं का ते बघायला. ही तशी बघत नव्हती. सुनेनेच शेवटी नजर खाली घेतली. गाडीत म्हणाली, माझ्या प्रशिक्षणाला आलेली कुणी शिक्षिका असणार, टकटक माझीच आहे. तरी तिच्या आवाजात कौतुक कमी आणि विचार जास्त होता.

दुसऱ्या दिवशी बाजारातली शाळा. दुसऱ्या बाकावर तीच मुलगी. सून माझ्याकडे वळून डोळ्यांनीच हसली. मुलगी उठली, वाचलं, टकटक केली, पुन्हा तोंडाकडे बघत राहिली. हेडबाईंना बाजूला घेऊन सुनेने विचारलं तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या की हो, काही मुलं बाहेरची आहेत, पण ही कुणी पाठवली ते आठवत नाही. घड्याळवाल्यांनी पाठवली असेल.

तिसरी पुलाखालची. वर गाड्या धडधडतात आणि वर्गात खडूची भुकटी खाली पडते. तिथेही ती. या वेळी सुनेने तिला जवळ बोलावून विचारलं, पाणी कुठे प्यायचं गं?

ती मास्तरांकडे वळली नाही. म्हणाली, ‘इथलं माहीत नाही. आमच्या शाळेत टाकीखाली नळ आहे.’

‘टाकीची शाळा तुझी?’

तिने मान डोलावली. सुनेला अगदी हायसं वाटलं. गाडीत मला म्हणाली, बघा आई, ज्या शाळेला कुलूप लावायला सगळे टपलेत तिचीच मुलगी बाकीच्या शाळा उसनी नेतात. हिच्या वाचनाचे गुण ज्याचे त्याला मिळाले पाहिजेत.

चौथी रंगीत शाळा. नुकतीच रंगवलेली, दारांना हात लावला की हाताला रंग. मुलगी होतीच. गोष्ट वाचून ती थेट सुनेजवळ आली, अगदी पोटाला लागून उभी राहिली, आणि पढवलेली मुलं बोलतात तसं एका सुरात म्हणाली,

‘बाई, बाळाच्या वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ नका. मोठ्या इस्पितळात जा. आजीनं सांगितलंय.’

सुनेने विचारलं, कुणाच्या आजीनं? मुलीने माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडंच होतं, आणखी काही सांगायचं राहिलं असावं तसं. पण तेवढ्यात घंटा झाली आणि हेडमास्तरांनी तिचा दंड धरून तिला बाकाशी नेलं. त्यांचे कान लाल झाले होते.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने उलगडा केला. या मास्तरांचा मेहुणा मोठ्या इस्पितळात कारकून आहे, गिऱ्हाइकं गोळा करतायत. सुनेला हसू आवरेना. म्हणाली, गुणांसाठी पढवतात हे माहीत होतं, आता पोटासाठीही पढवायला लागले. तिचं हसू बघून मलाही हसू आलं. आमचं ठरलेलंच होतं. कोपऱ्यावरचा दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथली नर्स ओळखीची. मोठं इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवसापासून घरात ती थट्टाच होऊन बसली. कुणी दूध आणायला निघालं तरी दुसरा म्हणायचा, कोपऱ्यावर जाऊ नका हं.

पाचव्या दिवशी टाकीची शाळा. दोन खोल्या, भिंतींना ओल, वर ती टाकी, पावसाचं पोट फुगल्यासारखी. हेडबाई वयस्कर होत्या, निवृत्तीला आलेल्या. सुनेने आधी त्या मुलीला बघायचं म्हणून सांगितलं. हेडबाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, अशी मुलगी आमच्याकडे नाही. मुलं थोडीच आहेत, सगळी मला तोंडपाठ आहेत. आणि आमच्याकडून कोण काय उसनं नेणार?

सूनबाई हसून म्हणाली की टाकीखालच्या नळाबद्दल तिनेच सांगितलं.

‘नळ कुठला, बाई? टाकी आमच्या डोक्यावर आणि पाणी आणायला पोरं पलीकडच्या गल्लीत. किती अर्ज केले.’

आम्ही टाकीखाली जाऊन बघितलं. कोरडी फरशी होती आणि एक मांजर.

वर्गात आलो. इथे कुणीही उसनं नव्हतं, ते ऐकूनच कळत होतं. मुलं चुकत होती, पण चुकलं की स्वतःच मागे जाऊन दुरुस्त करत होती, आणि हेडबाई ओठ हलवूनही त्यांना मदत करत नव्हत्या. दुसरा बाक रिकामा होता. मुलं पाण्याला पलीकडच्या गल्लीत गेली तेव्हा सून त्या बाकापाशी जाऊन थांबली. तिने त्यावर हात टेकला आणि तसाच ठेवला.

‘आई, हा गरम आहे.’

मी म्हटलं, ऊन येत असेल. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

गाडीत तिने पोटावर हात ठेवला आणि विचार न करता म्हणाली, ‘इथे घालीन.’ अहवालात तिने लिहिलं की या शाळेत मुलांची अदलाबदल होत नाही, ही एवढी एकच शाळा आहे तशीच दाखवली गेली, ती बंद करू नये. आणि टाकीखाली नळ बसवावा. साहेब खूप चिडले, पण अहवाल खात्यातल्या पाच जणांच्या सहीने पुढे गेला होता. कुलूप पुलाखालच्या शाळेला लागलं. तिची मुलं घड्याळाच्या शाळेत गेली.

मग मुंगी जन्माला आली. मुंगी म्हणजे माझी नात. सारखी काहीतरी इकडचं तिकडे नेत असते म्हणून तिच्या बापाने ठेवलेलं नाव. मुंगी घरी आली, तिची आई आली नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मुलगा म्हणाला होता, गाडी बोलावतो, मोठ्या इस्पितळात जाऊ. सून चपला घालता घालता म्हणाली, कोपऱ्यावर जाऊ नका हं, आणि हसली, आणि आम्ही कोपऱ्यावर गेलो. रक्त थांबेना तेव्हा नर्सने गाडी बोलवा म्हणून सांगितलं. गाडी आलीही.

पोर माझ्या हातावर वाढली. तिला वाचायला मीच शिकवलं, मला जसं शिकवलं होतं तसं. सुनेच्या पिशवीत तो बदकाचा कागद राहिला होता, त्यावरच. पूर्णविराम आला की टकटक. मूल डोळ्यांदेखत वाढतं तेव्हा त्याचा चेहरा दिसत नाही, भरवायचं तोंड आणि पुसायचं नाक दिसतं. शाळेत घातली ती टाकीच्या. रोज न्यायला जायची तेव्हा ती टाकीखालच्या नळाला तोंड लावून पाणी पीत असायची, आणि मला वाटायचं, आईने लावून ठेवलेला नळ. याच्यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही.

तिला सातवं लागायला थोडे दिवस होते त्या हिवाळ्यात खात्याने पुन्हा शाळा ताडायला काढल्या. पुलाखालची शाळा खात्याने मधल्या काळात पुन्हा उघडली होती, म्हणजे शाळा पुन्हा पाच. टाकीच्या हेडबाई निवृत्त झाल्या होत्या. नव्या हेडबाईंना शेजारच्या शाळांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. त्यांनी मला बोलावून विचारलं, तुमची मुंगी फार छान वाचते, या आठवड्यात चार दिवस दुसऱ्या शाळांत पाठवू का? मी म्हटलं, न्या. मला उलट बरंच वाटलं. माझ्या शिकवण्याला मागणी आली होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मटार सोलत होते. मुंगी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, ‘आज एक बाई आली होती. पोट एवढं मोठं. आणि तू पण.’

मी म्हटलं, मी दिवसभर घरात होते.

‘मग तुझ्यासारखी. तुझे केस आता पांढरे आहेत, तिचे थोडे काळे होते. तिच्या मांडीवर उशी होती. तू माझ्याशी बोलली नाहीस.’

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. गार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडबाईंना विचारलं, तपासायला कोण येतं? त्या म्हणाल्या, एक पुरुष आहेत, चष्मेवाले, पेन्सिलीसारखे बारीक. मी मुंगीला तेच सांगितलं. ती म्हणाली, हो, ते नंतर येतात. आधी बाई येते.

त्या दिवशी ती बाजारातल्या शाळेत होती. संध्याकाळी म्हणाली, आज पण आली, मला बघून तुझ्याकडे बघून हसली. मुंगीच्या तोंडात तेव्हा पुढचा दात नव्हता. आठवड्यापूर्वीच पडला होता, मीच तो दोऱ्याने ओढला होता. दिव्याखाली मी तिचा चेहरा हातात धरून बघितला. खूप वेळ बघितला. ती म्हणाली, आजी, काय करतेस, मटार खाली पडतायत.

तिसऱ्या संध्याकाळी मी तिची वाट बघत दारातच उभी होते. ‘तिने आज काय विचारलं?’

‘पाणी कुठे प्यायचं. मी सांगितलं, आमच्या शाळेत टाकीखाली नळ आहे.’

मला भीती वाटायला हवी होती. तशी वाटली नाही. भूत परक्याचं असतं, ही तर माझी पोर होती. भूक लागली म्हणून पाव खात होती, पायाला चिखल लागला होता. भीती दुसरीच वाटली. उद्या रंगीत शाळा. उद्या ही काय बोलणार ते मला माहीत होतं आणि ते ऐकून काय होणार तेही माहीत होतं. ते वाक्य मी मुंगीला अजून सांगितलेलंच नव्हतं. गप्प बसले असते तर? तर कुणी काहीच सांगितलं नसतं आणि आम्ही तरीही कोपऱ्यावरच गेलो असतो. सांगायचंच होतं. पण या वेळी असं सांगायचं की हसता येणार नाही.

म्हणून मी पढवायला बसले. ज्या मास्तरांना आम्ही नावं ठेवली त्यांच्याचसारखी. मुंगीला समोर बसवलं आणि म्हणून घेतलं. बाई, बाळाच्या वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ नका, मोठ्या इस्पितळात जा, आजीनं सांगितलंय. आणि ती विचारेल कुणाच्या आजीनं, तर सांगायचं, जिने बशीच्या मागे ‘ऊन’ लिहिलं आणि उलटं लिहिलं तिने. हे जगात दोघींनाच माहीत होतं. हे ऐकून ती हसणार नाही, उठून उभी राहील. मुंगीने ते घडाघडा म्हणून दाखवलं. मी परत म्हणायला लावलं. झोपेपर्यंत म्हणायला लावलं.

ती बाई कोण हे तिने मला विचारलं नाही. घरात सुनेचा फोटो आहे, पण तो लग्नातला, सडपातळ, दागिन्यांतला.

चौथ्या दिवशी मी घर झाडून काढलं. सुनेचा कप फळीवरून उतरवून धुतला. मला काय वाटत होतं ते लिहायला लाज वाटत नाही. मला वाटत होतं की संध्याकाळी दार उघडेल, ती चपला काढेल आणि म्हणेल, आई, चहा टाका. मुलगा लवकर आला. दोन मजल्यांच्या मध्ये त्या दिवशी कुणी अडकलं नव्हतं. टेबलावर तिसरा कप बघून त्याने विचारलं, कुणी येणार आहे का? मी म्हटलं, बघू.

मुंगी एकटीच आली. पाय ओढत आली.

‘सांगितलंस?’

‘सांगितलं.’

‘सगळं? बशीचं?’

ती माझ्या कुशीत शिरली. ‘ती माझ्याकडे इतकी बघत होती आजी. मला पुढचं आठवेना. मग घंटा झाली.’

‘मग?’

‘मग त्या दोघी गाडीत बसल्या. मी खिडकीतून बघितलं. ती हसत होती.’ मग म्हणाली, ‘तू पण हसलीस.’

तिचं अंग तापलं होतं. उजाडेपर्यंत ताप चढतच गेला. आज आपली शाळा, मला जायचंय, बशीचं सांगायचं राहिलंय, असं ती बरळत होती. तिला उभंही राहता येईना. मुलाला तिच्यापाशी बसवलं आणि मी एकटी टाकीच्या शाळेत गेले.

तपासणीचे साहेब अजून यायचे होते. मुलं टाकीखाली नळाशी गोळा झाली होती, पाणी उडवत होती. हेडबाईंना मी म्हटलं, मुंगीला ताप आहे, मी जरा तिच्या जागेवर बसू का? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणाल्या. वर्ग रिकामा होता. दुसऱ्या बाकावर माझे गुडघे मावेनात, म्हणून तिरकी बसले. दाराकडे तोंड करून मी सगळं सांगितलं. कोपऱ्यावरचं, मोठ्या इस्पितळाचं, बशीचं, उलट्या उनाचं. ड्रायव्हर मास्तरांच्या मेहुण्याचं सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका, हेही सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट, शाळेत म्हणतात तसं, आणि प्रत्येक वाक्याला बाकावर टकटक केली. दारात कुणी आलं नाही. बाहेर नळ वाहत होता. एकदा वाटलं की गाडीचं दार लागलं, पण ते बाहेर कशाचंतरी लागलं असेल.

घंटा झाली तशी मी उठले. उठताना हात टेकला. बाक गरम होता. तो माझ्याच अंगाने तापला होता, एवढा वेळ बसल्यावर कुणाच्याही बसण्याने तापेल तसा. मी त्यावर हात ठेवून उभी राहिले, मुलं आत येईपर्यंत. मग चष्मेवाले साहेब आले, त्यांनी मला आजी, जरा बाजूला व्हा म्हटलं, आणि मी घरी आले.

मुंगीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. टाकीची शाळा चालू आहे. मुंगीला त्या बाईबद्दल आता विचारलं तर ती म्हणते, कुठली बाई?

माझी सून मुंगीच्या जन्माच्या दिवशी गेली. भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्चच्या नऊ तारखेला, मंगळवारी दुपारी, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.